विळीचं चित्र बघताना

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, मंडळाच्या सभागृहात भरलेल्या हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'चित्र कसं पाहावं' असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण आरती झाली आहे, प्रसाद झाला आहे आणि साडेआठला मुलांचं नाटक आहे. तेव्हा मी त्यांच्याकडून एक सवलत मागून घेतली. प्रदर्शनातल्या सगळ्या चित्रांविषयी न बोलता मी एकाच चित्राविषयी बोलणार आहे. ते मागच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या बाजूला लावलं होतं. आज ते इथं पुढं, इझलवर आणून ठेवलंय.

कागद पाव इंपीरियल, म्हणजे साधारण १५ इंच बाय ११ इंच. त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेली एक विळी. दुसरं काही नाही. शेजारी भोपळा नाही, नारळाची कवड नाही, मागं पडदा नाही. कोटा फरशीच्या दोन सांध्यांच्या रेषा आणि त्यावर विळी.

गेले तीन दिवस मी प्रदर्शनात बसून आहे. लोक गणपतीच्या चित्रांपुढं थांबतात, राजवाड्यापुढं थांबतात, महेश्वरच्या घाटापुढं तर फोटो काढून घेतात. या चित्रापुढं दोन प्रकारची वाक्यं ऐकली. एक, "वा, अगदी फोटोसारखी आलीये!" आणि दुसरं, "काढून काढून विळी का काढली हिनं?" पहिलं वाक्य कौतुकाचं आहे आणि दुसरं नाही, असं वाटतं. मला विचाराल तर दुसरं जास्त बरं. त्यात निदान एक प्रश्न आहे.

आपल्यापैकी ज्यांचं शिक्षण महाराष्ट्रात झालं, किंवा ज्यांची मामे-चुलत भावंडं पुण्या-नाशिकला असत, त्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा माहीत असेल. त्यात 'वस्तुचित्र' नावाचा एक पेपर असतो. समोर टेबलावर एक घडा, एक डबा आणि एखादं वांगं किंवा दोन कांदे मांडलेले. मुलांनी गोल करून बसायचं आणि आपल्याला जिथून जसं दिसतं तसं काढायचं. ज्याच्या नशिबी डब्याच्या मागची जागा आली, त्याला वांगं दिसतच नाही. अशा मुलांपैकी निम्मी मुलं वांगं तरीही काढतात! ते तिथं आहे हे त्यांना ठाऊक असतं ना. वस्तुचित्राची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. आपल्याला ठाऊक असलेली वस्तू आपण काढतो, आणि समोरची वस्तू राहून जाते.

आता पेन्सिलीविषयी थोडं. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातला कार्बन. इंग्लंडमध्ये कंबरलँडच्या डोंगरात सोळाव्या शतकात त्याची शुद्ध खाण सापडली आणि लोकांनी ते शिसंच समजून वापरायला घेतलं. पुढं फ्रान्सची इंग्लंडशी लढाई जुंपली, तिकडचा माल यायचा थांबला, तेव्हा निकोला-जाक काँते नावाच्या माणसानं ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, भट्टीत भाजून पेन्सिलीच्या कांड्या केल्या. हे १७९५ सालचं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी होते, ती 'एच'. ग्रॅफाइट जास्त की मऊ आणि काळी, ती 'बी'. मुलांच्या कंपासपेटीतली एचबी ही या दोन्हींच्या मधली. या चित्रात तीन पेन्सिली वापरल्या आहेत, एचबी, २बी आणि ६बी. म्हणजे साठ-सत्तर रुपयांत भागलं असेल. शिवाय खोडरबर, आणि त्याच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

पेन्सिलीची एक मर्यादा लक्षात घ्या. तिच्याकडं पांढरा रंग नाही. तैलरंगात सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका दिला की भांडं चकाकतं. पेन्सिलीत उजेड असेल तर तो कागदाचाच. जिथं चमक हवी तिथला कागद पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. म्हणजे काय काढायचं यापेक्षा कुठं हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं.

आता पात्याकडं बघा. लोखंडी पातं वर्षानुवर्षं वापरलं की काळं पडतं, फक्त धारेची पट्टी पांढरी राहते. या मुलीनं पात्याचं अंग ६बीनं, चांगलं दाबून, काळं केलंय. आणि धार? पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, धारेची रेषाच काढलेली नाही. पात्याचा काळेपणा एका ठिकाणी थांबतो. मग केसाएवढी कोऱ्या कागदाची पट्टी आहे. तिच्या पलीकडं फरशीची फिकट करडी छटा सुरू होते. या दोन्हींच्या मध्ये जो कोरा कागद उरला, ती धार. तिथं तिनं एचबीनं जरी एक बाह्यरेषा ओढली असती तरी पातं बोथट झालं असतं, कारण रेषेला जाडी असते आणि धारेला ती असता कामा नये. हे तिला कुणी शिकवलं का, मी विचारलं. "नाही काका, रेषा काढली तर पत्र्यासारखं दिसत होतं, म्हणून पुसली," म्हणाली. छान. पुसण्यातून कळलेली गोष्ट सांगून कळलेल्या गोष्टीपेक्षा जास्त दिवस टिकते.

विळीचा पाट आणि पातं जिथं जुळतात तिथला खिळा बघा. तिथं सगळ्या चित्रातला सगळ्यात गडद ठिपका आहे. एकदाच, टोक दाबून. सगळं पातं त्या खिळ्यावर उभं आहे आणि सगळं चित्रही. सावलीसुद्धा तिथूनच निघते. पाटाजवळ सावलीची कड स्पष्ट आहे आणि जसजशी ती फरशीवरून लांब जाते तसतशी पुसट होते. उभ्या वस्तूची सावली तशीच पडते, संध्याकाळी घरी दिव्याखाली तांब्या ठेवून बघा. ज्यांना फोटोसारखं चित्र काढायचं असतं ते बहुधा सावली एकसारखी काळी भरून टाकतात आणि मग वस्तू जमिनीवर न बसता तरंगायला लागते.

खोवणीचे दात आता मोजू नका, नंतर जवळून मोजा. सगळे दात एकसारखे नाहीत. बाजारातून आणलेल्या नव्या खोवणीचे असतात. या खोवणीचे मधले दात झिजून बुटके झालेत आणि एक अर्धा तुटलेला आहे. ज्यांची ही विळी त्या आजी परवा प्रदर्शनाला आल्या होत्या. नातवंडांनी खुर्ची आणली, त्यांनी चष्मा बदलला आणि पहिल्यांदा खोवणीच बघितली. मग म्हणाल्या, "हा दात माझ्या हातून मोडलेला नाही. शेजारी एकदा मागून नेली होती, तेव्हाचा." चित्राच्या खरेपणाविषयी मी या प्रदर्शनात ऐकलेला हा सगळ्यात अधिकारी अभिप्राय!

आता खोडरबर. पात्याच्या पोटाच्या बाजूला, उजेडात तिरकं धरलं तर, एक पुसलेली रेषा दिसते. ती आत्ताच्या पात्याच्या बाहेरून जाते, चांगली बोटभर रुंद. म्हणजे या मुलीनं आधी पातं रुंद, भरल्या पोटाचं काढलं होतं. आपल्याला कुणी 'विळी काढा' म्हटलं तर आपण सगळे तशीच काढू. पुस्तकात अक्षरओळखीला विळी काढायची झाली तर तशीच काढतील. मग तिनं वर मान करून बघितलं असणार आणि लक्षात आलं असणार की समोरच्या पात्याला पोटच नाही. चाळीस-पन्नास वर्षं धार लावून लावून ते आत गेलंय. तेव्हा पहिली रेषा पुसून दुसरी ओढली. पहिली पुरती पुसली गेली नाही, कागदावर खोबण राहिली. मला विचाराल तर तेच या चित्राचं भाग्य. एकाच कागदावर आपल्याला ठाऊक असलेली विळी आहे आणि त्या घरातली विळीही आहे, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर जागेत त्या घरानं इतक्या वर्षांत चिरलेली सगळी भाजी आहे.

फोटोसारखं म्हणू नका असं मी सांगतो ते यासाठी. फोटोत शेवटचं पातं आलं असतं, अगदी बरोबर आलं असतं. पण आधी काय वाटलं होतं, ते फोटोला पुसता येत नाही, म्हणून दाखवताही येत नाही.

आता हे चित्र का काढलं गेलं ते सांगतो. घरच्यांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र घेत नाही, कारण चित्रकार मुलगी इथंच बसली आहे आणि मघापासून मान खाली घालून आहे. रामबागेकडचं त्यांचं जुनं घर गेल्या वर्षी रिकामं झालं. तिथं आता मजले चढतायत. नव्या फ्लॅटमध्ये ओटा आहे, सुरी आहे, मिक्सर आहे, खाली बसून चिरायला ना जागा ना गुडघे. देवघर, पितळेची भांडी, पाटा-वरवंटा यांची वाटणी झाली. विळी कुणालाच नको होती. स्टोव्ह, लोखंडी कढया, मोडकी शिडी यांच्याबरोबर ती अटालेवाल्याच्या गोणीत गेली, किलोच्या भावानं. कुणी रडलं वगैरे नाही. आजी स्वतःच म्हणाल्या, "देऊन टाका, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." त्याच्या आधी चार दुपारी नातीनं फरशीवर बसून हे चित्र काढलं. कॉलेजला सुट्टी होती आणि सामान बांधायच्या कामातून सुटका हवी होती, असं ती म्हणते. मला ते खरं वाटतं. चांगली चित्रं पुष्कळदा अशीच सुरू होतात.

पण पाटाकडं बघा. लाकडावर पुढच्या बाजूला दोन डाग आहेत. डाग म्हणजे घासून गुळगुळीत झालेले, जरा चकाकणारे भाग. उजवीकडचा मोठा आणि गडद. डावीकडचा लहान आणि फिकट. दोन्ही तिनं २बीनं, आडव्या फटकाऱ्यांनी, कागद थोडा उघडा ठेवत काढलेत. मी त्यांना नुसता लाकडाचा पोत समजून पुढं गेलो असतो. चित्र काढणाऱ्या मुलीलाही ते कशाचे हे ठाऊक नव्हतं. दिसले म्हणून काढले.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी तिची आई आली. ती चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "सासूबाई उजवा पाय पाटावर दाबून बसायच्या. गुडघा धरायला लागला तेव्हा बाजू बदलली, डावा पाय टाकायला लागल्या. तशी दोन-तीन वर्षं रेटली असतील. बोलल्या नाहीत कुणाला. मीही तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारीच असायची." एवढं बोलून ती लेकीच्या दुसऱ्या चित्राकडं गेली. ते चित्र पोपटाचं आहे, त्याविषयी मी काही बोलणार नाही.

मंडळी, वस्तू गोणीत गेली. तिच्यावरचे दोन डाग मात्र कागदावर आले, आणि कागदावर आल्यावरच कुणाला तरी दिसले. घरात ती विळी रोज दिवसातून दोनदा सगळ्यांच्या पायात येत होती. तेव्हा ते कुणी बघितले नव्हते.

जर्मनीत आडोल्फ मेन्झेल नावाचा चित्रकार होऊन गेला, १८१५ ते १९०५. मोठमोठी ऐतिहासिक चित्रं त्यानं काढली, पण कोटाच्या खिशात कायम वह्या आणि सुताराची जाड पेन्सिल, आणि दिसेल ते काढायचा. त्याचं एक काळ्या खडूचं चित्र बर्लिनच्या संग्रहात आहे, एका न आवरलेल्या बिछान्याचं. उशा दबलेल्या, पांघरूण एका बाजूला ढकललेलं. माणूस नाही. पण कोण झोपलं होतं, कुठल्या कुशीवर, किती अस्वस्थ, हे सगळं त्या चुण्यांमध्ये आहे. आपल्या मुलीनं मेन्झेल बघितलेला नाही. तुलना करायचीही नाही. त्याचा हात हातच होता. पण दोघांनी बघितलेली गोष्ट एकाच जातीची आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

आणि एवढ्या लांब जायची तरी काय गरज? आपल्या इंदुरात १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी कलाशाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथले, मकबूल फिदा हुसेन तिथले, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकर तिथले. बेंद्रे पुढं बडोद्याला गेले आणि तिथल्या विद्यापीठात त्यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. चिंचाळकर गुरुजी इथंच राहिले. वाळकं पान, झाडाची साल, फुटकं खापर, तुटकी चप्पल असं काहीही उचलायचं आणि त्यात कुठं पक्षी, कुठं म्हातारीचा चेहरा दाखवायचा, हे त्यांचं काम आपल्यापैकी अनेकांनी बघितलेलं आहे. कचरा म्हणून टाकलेल्या वस्तूकडं परत वळून बघायला ज्या शहराला शिकवलं गेलं, त्या शहरात 'विळी का काढली' हा प्रश्न तसा पडायला नको. पडला तरी हरकत नाही, उत्तर भिंतीवर आहे.

नुसतं कौतुक करून जाणार नाही, कारण मुलगी अजून शिकते आहे. पाटाची मागची कड चुकली आहे. दोन्ही बाजू लांब जाताना जवळ यायला हव्यात, इथं त्या समांतर राहिल्यात आणि पाट मागं उचलल्यासारखा वाटतो. लाकडाच्या रेषा नको इतक्या काढल्या आहेत. त्या काढायला मजा येते हे कबूल, पण डाग ठळक दिसायचे तर आजूबाजूचं लाकूड शांत हवं. आणि उजव्या कोपऱ्यात फरशी बोटानं घासून गुळगुळीत केली आहे. तिथं छटा मळकट झाली. बोट वापरायचं नाही. बोटाला तेल असतं, ते कागदात मुरतं आणि मग खोडरबरही चालत नाही. बाकी सगळीकडं नुसत्या पेन्सिलीनं इतकं चांगलं जमलंय, तर तिथं धीर का सुटला? बहुतेक चौथ्या दुपारी टेम्पो दारात आला असेल.

शेवटी घरच्यांसाठी थोडं व्यवहाराचं. चित्र लावायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत असं ऐकतो. एक मत असं की बैठकीच्या खोलीत विळी कशाला, आणि धारदार वस्तूचं चित्र भिंतीवर लावणं वास्तूला चांगलं नाही. वास्तुशास्त्रातलं मला कळत नाही, पण मघाशी सांगितलं तसं या चित्रात जिथं धार आहे तिथं नुसता कोरा कागद आहे. त्यानं कुणाला कापायची भीती नाही. बैठकीच्या खोलीत नको तर जेवणघरात लावा. तिथंच ती शोभेल.

लॅमिनेशन मात्र करू नका. हात जोडून सांगतो. कापड मार्केटजवळ वीस रुपयांत करून देतात म्हणून लोक मुलांची चित्रं नेतात आणि प्लॅस्टिकमध्ये गाडून आणतात. उष्णतेनं चिकटलेलं ते प्लॅस्टिक परत निघत नाही, आणि पेन्सिलीच्या छटांवर जी मऊ झाक असते ती कायमची जाते. काचेची चौकट करा, पण काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर ग्रॅफाइट काचेला लागतं. मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगा, आम्लरहित मिळाला तर उत्तम. ग्रॅफाइट उन्हानं उडत नाही, पण कागद पिवळा पडतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत टाळा. पावसाळ्यात ओल येणारी भिंतही टाळा. एवढं केलं तर पातं जितकं टिकलं त्याहून जास्त वर्षं चित्र टिकेल. आणि मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनंच, लिहून ठेवा: विळी कुणाची, कुठल्या घरातली, दोन डाग कशाचे, तुटका दात कुणामुळं. शेजाऱ्यांचं नाव लिहायचं की नाही ते आजींना विचारा.

आता नाटकाला अजून वीस मिनिटं आहेत. संयोजकांनी मधल्या दोन रांगा हलवून वाट केली आहे. रांगेनं या. आधी इथं खांबापाशी थांबून लांबून बघा, मग जवळ जा, आणि पुसलेली रेषा बघायची असेल तर डाव्या बाजूला उभं राहून तिरकं बघा, दिवा उजवीकडं आहे. आजींची खुर्ची सगळ्यात आधी पुढं आणा. हात लावू नका, ६बी अजून बोटाला येतं.